उत्तर पेटीत होतं

एखादं लेकरू तुम्हाला 'असं का?' म्हणून विचारतं. उत्तर तुम्हाला माहीत आहे, आणि ते त्याच्या घरच्या पाण्याबद्दल आहे. अशा वेळी तुम्ही किती दिवस गप्प बसाल?

मी जुलै ते डिसेंबर बसले. त्या गप्प बसण्याचा मला पगार मिळत होता, आणि शाबासकीही मिळाली.

या अंकाच्या संपादकांनी मला 'आठ वर्षांच्या नोकरीतल्या गमतीजमती' लिहायला सांगितलं आहे. गमतीजमती आहेत. दोन-चार सांगते, म्हणजे शब्द पाळल्यासारखं होईल. मग मला जे सांगायचं आहे ते सांगते.

माझं वय तेहतीस. मी निवृत्त झालेली नाही, गेल्या मे महिन्यात राजीनामा दिला. सोलापुरातल्या एका लहानशा संस्थेत मी काम करत होते. आम्ही चौघं जण, एक जुना टेम्पो आणि दोन पत्र्याच्या पेट्या. पेट्यांत सलाईनच्या नळ्या, इंजेक्शनच्या सिरिंजा, सायकलची ट्यूब, आरसे, लोहचुंबक, लिंबू, तुरटी, असलं सामान. जिल्ह्यातल्या शाळांत महिन्यातून एकदा जायचं आणि पोरांना प्रश्न विचारायला लावून त्यातून विज्ञान शिकवायचं, हे काम. पोरं मला 'का-बाई' म्हणायची. मला ते फार आवडायचं.

मी भवानी पेठेत वाढले. बाबा एका छापखान्यात खिळे जुळवायचे. संपाची, सभांची, मोर्च्यांची पत्रकं तिथे छापली जायची आणि उरलेली आमच्या घरी यायची. कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली आणि छापील बाजू पाठ केली. इतर मुलांना श्लोक पाठ असत, मला मागण्या पाठ होत्या. त्यामुळे मोठेपणी 'प्रश्न विचारायला शिकवणं' असं काम मिळाल्यावर मला वाटलं, हे तर माझ्यासाठीच राखून ठेवलेलं होतं.

कामाची रीत अशी. वर्गात गेलं की आधी चिठ्ठ्या वाटायच्या. नाव लिहायची सक्ती नाही. तुला ज्याचं नवल वाटतं, राग येतो, जे कुणी सांगत नाही, ते लिही. चिठ्ठ्या डब्यात. त्यातली एक निवडायची आणि वर्गानेच तिचा छडा लावायचा. आमचा एक नियम होता, आणि तो मोडला तर संचालक, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत होतो, ते दिवसभर बोलत नसत. नियम असा: उत्तर सांगायचं नाही. पोरं चुकू देत, भांडू देत, आठवडे जाऊ देत, उत्तर त्यांचं त्यांना सापडलं पाहिजे. सांगितलेलं उत्तर परीक्षेपर्यंत टिकतं, सापडलेलं जन्मभर टिकतं, असं अण्णा म्हणायचे. यात खोटं काही नाही. मी ते हजारदा पाहिलं आहे.

सोलापूर शहरातल्याच एका शाळेत सातवीच्या मुलीने विचारलं होतं, "भाकरी फुगते, मग कडक भाकरी का फुगत नाही?" आम्ही वर्गात चूल मांडली. मुख्याध्यापक धावत आले. "मॅडम, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "वाफेचा दाब." ते म्हणाले, "दाब ठीक आहे, धुराचं काय?" शेवटी ते स्वतः भाकरी थापायला बसले, आणि पोरांनी त्यांची पहिली भाकरी 'नमुना क्रमांक एक, नकाशा' म्हणून फळ्याजवळ लावून ठेवली.

दुसरी चिठ्ठी यंत्रमागवाल्या घरातल्या एका मुलाची. घरात तेलुगू बोलणारं कुटुंब. त्याने लिहिलं होतं, "माग बंद केला तरी आमच्या नायनाच्या कानात तो चालूच का राहतो?" नायना म्हणजे वडील. आम्ही टिकटिक करणारं घड्याळ घेतलं आणि किती पावलांवरून ते ऐकू येतं हे वर्गातल्या प्रत्येकाच्या घरी मोजायला सांगितलं. माग चालवणाऱ्यांना ते जवळजवळ कानाशी धरावं लागत होतं. पोरांनी आपल्या आपण ठरवलं की आवाजाने कान झिजतो. नंतर त्याचे वडील शाळेत आले आणि मोठ्याने, कारण ते मोठ्यानेच बोलत, म्हणाले, "बाई, पोरगा मला कापूस घाला कानात म्हणतोय. मालकाचं ओरडणं तेवढं ऐकू येऊ नये असा काही कापूस आहे का बघा की!" सगळे हसले. मी सगळ्यात जास्त हसले. त्या माणसाचा कान पंधरा वर्षं झिजत होता आणि ते त्याच्या मुलाला घड्याळ घेऊन शोधावं लागलं, याचा राग मला तेव्हा आला नाही. आज येतो.

आता मुख्य गोष्ट.

मंगळवेढ्याच्या पलीकडे एक गाव आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथे माणसांना अजून एकमेकांबरोबर राहायचं आहे. गावात माध्यमिक शाळा. गावातली पोरं शाळेत येतात, आणि तीन किलोमीटरवरच्या मेंढपाळांच्या एका वस्तीवरचीही येतात. वस्तीवरच्या पोरांच्या समोरच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे. गावातली पोरं त्यांना 'हळद' म्हणत. "ए हळद, सर बोलवत्यात." एक शिक्षक महिन्यातून एकदा स्वच्छतेची तपासणी घेत आणि वस्तीवरच्या पोरांना रांगेत उभं करून सांगत, "घासा जरा घासा, लाज वाटू द्या."

जुलैच्या चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी अशी होती: "आमच्या वस्तीवरच्या पोरांचेच दात असे का? आमी रोज घासतो. दोनदा घासतो." खाली नाव, ठळक: अश्विनी, आठवी.

चिठ्ठी मी परतीच्या वाटेवर टेम्पोत वाचली, आणि वाचताक्षणी मला उत्तर कळलं. खोल बोअरच्या पाण्यात काही ठिकाणी खडकातून फ्लोराइड नावाचा क्षार उतरतो. तो जास्त असला की लहान मुलांच्या, हिरडीखाली अजून तयार होत असलेल्या दातांवर डाग पडतात. ते घासून जात नाहीत. पाणी उकळून किंवा फडक्याने गाळून तो क्षार निघत नाही. वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडंही धरतात. खात्री नव्हती, असं मी आज म्हणू शकते. पण खात्री करून घ्यायचं किट माझ्या मागच्या पेटीत होतं. चाचणी दहा मिनिटांची.

अण्णांना चिठ्ठी दाखवली. त्यांचे डोळे चमकले. "अगं, सोनं आहे हे सोनं! बारा वर्षांत असा प्रश्न आला नाही. उत्तर सांगून माती करू नकोस त्याची."

"पण अण्णा, पाणी पितायत ती रोज."

"आजपर्यंत पीत होतीच ना? चार-सहा महिन्यांनी काय होतं? स्वतः शोधलं तर पुढच्या दहा पिढ्या विसरणार नाहीत."

मी मान डोलावली. दोष अण्णांवर ढकलत नाही. मलाही ते हवं होतं. आपण पेरलेल्या प्रश्नाला असं पीक येताना बघायचं होतं.

आणि पीक काय आलं! ऑगस्टमध्ये वर्गाने यादी केली, कुणाच्या दातांवर डाग, कुणाच्या नाहीत. आधी सगळ्यांनी घासण्यावर बोट ठेवलं. मग कुणी म्हणालं मिसरी. अश्विनी उसळली, "आमच्यात पोरं मिसरी लावत न्हाईत. आन् तुज्या आज्जीचे दात मिसरीनं काळे हायती, पिवळे न्हाय." सप्टेंबरमध्ये त्यांनी वस्तीचा नकाशा काढला. तेव्हा अश्विनीच्या लक्षात आलं की तिच्या थोरल्या भावाचे दात पांढरे आहेत, आणि तो लहानपणी सांगोल्याकडे मामाच्या घरी वाढला होता. म्हणजे घराणं नव्हे, जागा.

नोव्हेंबरमध्ये मी पोरांबरोबर वस्तीवर गेले. अश्विनीचा आज्जा कळप घेऊन निघायच्या तयारीत होता. मेंढराचं वय दातांवरून ठरवतात, ओठ वर करून बघतात: दोनदाती, चारदाती. आज्ज्याने एका मेंढीचा ओठ वर केला.

"बघा बाई. तीन वर्साची हाय. बाजारात गिऱ्हाईक म्हनतं, म्हातारी इकतुयास व्हय रं? मेंढरू तरणं, दात म्हातारं. आन् जी कोकरं तिकडं भायेर चराय गेली, तितंच वाढली, त्यांचं दात चांगलं."

"का वो आज्जा?" अश्विनीने विचारलं.

"आता त्ये तुज्या बाईंना इचार. त्या का-बाई हायत्या की."

मी हसले. "तूच शोध," म्हणाले.

मग तिची चार वर्षांची धाकटी बहीण माझ्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आली. दोन्ही हातांनी, सांडू नये म्हणून जीभ बाहेर काढून. मी पिशवीतली माझी बाटली दाखवली. "माझ्याकडे आहे गं बाळ." पोरगी जरा थांबली, मग तिनेच तांब्याला तोंड लावलं आणि घटाघट प्याली. मी बघत होते.

डिसेंबरमध्ये आम्ही चाचणी घेतली. तीन बाटल्या: गावच्या टाकीचं पाणी, वस्तीच्या बोअरचं पाणी, वस्तीपासून पंधरा मिनिटांवरच्या जुन्या विहिरीचं पाणी. औषधाचे थेंब टाकले की पाणी गुलाबी दिसतं, आणि फ्लोराइड जितकं जास्त तितकं ते पिवळ्याकडे जातं. थेंब अश्विनीने टाकले. गावचं पाणी गुलाबी. विहिरीचंही गुलाबीच. बोअरचं पिवळं झालं, डोळ्यांदेखत.

"आमच्या दातासारकं झालं की!" वस्तीवरचा एक मुलगा ओरडला. वर्ग टाळ्या वाजवू लागला. 'हळद' म्हणणाऱ्या पोरांनीही वाजवल्या. मी तेव्हा डागांचं, हिरडीखालच्या दातांचं, आठ वर्षांखालच्या लेकरांना जास्त धोका असण्याचं सगळं समजावून सांगितलं. आता सांगायला हरकत नव्हती, उत्तर सापडलेलं होतं. माझ्या आयुष्यातला तो सर्वोत्तम तास होता. तो साधारण पाच मिनिटं टिकला.

वर्ग सुटल्यावर अश्विनी पेटीशी येऊन उभी राहिली. हातात औषधाची बाटली.

"बाई, ही बाटली आज आणली व्हय?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही. ती पेटीतच असते."

"जुलैत बी हुती?"

"होती."

"मग तवाच का न्हाय टाकली?"

आठ वर्षं मी पोरांना 'का' विचारायला शिकवत होते. नीट शिकवलं होतं.

"तुम्ही स्वतः शोधावं म्हणून," मी म्हणाले.

ती बाटलीवरचं लेबल वाचत राहिली. मग म्हणाली, "माजी धाकटी भन चार वर्साची हाय, बाई. ती कुटं काय शोधत हुती? ती पीत हुती."

तिने पेटीत बाटली जागच्या जागी ठेवली.

"तुमी आमच्या घरचं पानी पिला न्हाई. आई म्हनली, जात बघत आसतील. मी भांडले तिच्यासंगं. म्हनलं, आमच्या बाई तशा न्हाईत." एवढं बोलून ती गेली.

तशी नाही मी. पत्रकं पाठ असलेली बाई मी. पण त्या तांब्याला मी तोंड लावलं नाही आणि का लावलं नाही ते सांगितलंही नाही. माझ्या घशाची काळजी मी केली, तिच्या बहिणीच्या दातांवर धडा रचला.

पुढचं लवकर सांगते, कारण ते तुमच्या ओळखीचं आहे. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी वर्गाने तक्ता केला: 'आमच्या वस्तीच्या पाण्यात काय आहे?' मुख्याध्यापकांनी 'आमच्या वस्तीच्या' या शब्दांवर कागदाची पट्टी चिकटवली. बोअर ज्या पुढाऱ्याने पाडून दिलं होतं, तो प्रदर्शनाला पाहुणा होता. मुख्याध्यापक मला म्हणाले, "मॅडम, प्रश्न सर्वसाधारण ठेवा. विज्ञान सगळ्यांसाठी असतं." परीक्षक म्हणाले, "छान आहे, पण मॉडेल कुठंय?" पहिलं बक्षीस थर्माकोलच्या धरणाला गेलं. त्यात निळा रंग फार सुरेख होता. आमच्या तक्त्याला उत्तेजनार्थ. अण्णांनी उत्तेजनार्थाचा फोटो संस्थेच्या अहवालावर छापला. अश्विनी त्यात तोंड मिटून उभी आहे.

मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात अर्ज केले. दोन अर्जांनंतर एक माणूस आला आणि बोअरच्या पंपाला तांबडा रंग मारून गेला. तांबडा म्हणजे पिण्यास योग्य नाही. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. बायकांना वाटलं, नवीन रंग दिला. बरा दिसतो म्हणाल्या. दुसरं पाणी आजतागायत आलेलं नाही.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांची नजर आता अधू झाली आहे, जिभेला मात्र तशीच धार आहे. ते म्हणाले, "आयुष्यभर पत्रकं छापली आम्ही. रातोरात छापायची आणि सकाळी गेटवर वाटायची. तू काय केलंस? छापलीस आणि गठ्ठा माळ्यावर ठेवलास. का, तर लोकांनी आपलं आपण वाचायला शिकावं म्हणून!"

मी राजीनामा दिला. अण्णा म्हणाले, "भावनेच्या भरात आहेस. पद्धत चुकीची नाही." मीही तेच म्हणते, अण्णा. पद्धत चुकीची नाही. कडक भाकरीचं उत्तर वर्षभर सापडलं नाही तरी कुणाचं काही जात नाही. तिथे जरूर थांबावं. पण ज्या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी रोज तांब्या तोंडाला लावत आहे, तिथे थांबायचा हक्क मला कुणी दिला होता? पोरांची जिज्ञासा आपण फुलवतो म्हणता म्हणता ती जिज्ञासा आपल्याच कौतुकासाठी राखून ठेवली, याला मी शिक्षण म्हणणार नाही.

राजीनाम्याआधी, एप्रिलमध्ये मी वस्तीवर शेवटची गेले. अश्विनीच्या घरी आता दोन घागरी आहेत. एक मोठी, बोअरची. दुसरी लहान, तिला बाहेरून चुन्याचा पट्टा ओढलेला, ती जुन्या विहिरीची. आठ वर्षांखालच्या लेकरांनी त्याच घागरीतलं पाणी प्यायचं, आणि ते उकळून, कारण विहीर उघडी आहे. वस्तीवरच्या बऱ्याच घरांत अशी चुन्याची घागर दिसली. सगळ्यांना पुरेल एवढं पाणी विहिरीत नाही, आणला जातो तो हंडा लेकरांपुरता. पोरींनी पाळ्या लावून घेतल्या आहेत. ही योजना कुठल्याही कार्यालयाने आखलेली नाही.

"सगळ्यांना कसं पटवलंस गं?" मी विचारलं.

"पटवायचं काय त्यात? घरोघर गेले आन् सांगितलं. ह्ये पानी लेकराला देऊ नगा. का ते मागनं सांगते, आदी घागर इगळी करा." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "लई येळ लागला न्हाय. दोन दिस."

दोन दिवस. मला सहा महिने लागले होते.

तिची धाकटी बहीण उंबऱ्यावर बसली होती. दुधाचे दात, पांढरे. कायमचे दात अजून हिरडीत आहेत. ते कसे येतील हे मला माहीत नाही. पोरगी सहा-सात वर्षांची होईल तेव्हा कळेल, आणि तेव्हा ती हसली की मला माझ्या नोकरीचा निकाल मिळेल. त्या दिवशी त्या दोन घागरींतल्या, चुन्याचा पट्टा नसलेल्या घागरीतलं पाणी मागून मी प्याले. अश्विनीच्या आईने दिलं. मी तांब्या खाली ठेवेपर्यंत ती बघत होती.

पत्रकाची शेवटची ओळ मागणी असते, असं बाबांनी शिकवलं. माझी मागणी तुमच्याकडे आहे, वाचकहो. तुमच्या शाळेतल्या, वस्तीवरच्या, तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईच्या लेकरांचे दात एकदा बघा. पट्टे दिसले तर घासायला सांगू नका. ग्रामपंचायतीत जा, पिण्याच्या पाण्याचा तपासणी अहवाल लेखी मागा आणि त्यात फ्लोराइडची ओळ शोधा. ती ओळ नसेल तर चाचणी करायला लावा. पंप तांबडा असेल तर तो तांबडा का आहे, हे त्या पंपावर घागर भरणाऱ्या बाईला सांगा. आणि ते या रविवारी नको, सुट्टीत नको. अंक मिटलात की उठा, आजच सांगा.